हातानं फिरवायचं चाक

नाझिब्रोला आली तेव्हा लॅपटॉप धडधाकट होता.
असं गिऱ्हाईक चिआतुरात मला याआधी मिळालं नव्हतं.
लोक येतात ते पडदा निळा पडल्यावर,
चेहरा त्याहून निळा करून.
ही तहान लागायच्या आधी विहीर खणायला आलेली,
बगलेत शालीत गुंडाळलेलं मशीन,
शालीवर मँगनीजची काळी पूड.

"खोक्यात डिस्क नव्हती," म्हणाली,
"दुकानदार म्हणाला, सगळं आतच आहे."
आतच आहे, हे खरं.
हार्ड डिस्कच्या एका टोकाला दहा जीबीची बंद खोली,
तिच्यात कुणी राहत नाही,
फक्त विकत घेतल्या दिवशीचं हेच यंत्र
घडी घालून ठेवलेलं.
पण घरालाच आग लागली
तर आतल्या खुंटीवरची किल्ली काय कामाची?

हे तिला समजावावं लागलं नाही.
एकतीस वर्षं तिनं रोपवेचं वरचं स्टेशन सांभाळलेलं.
वीज गेली की पाळणा दरीवर लटकायचा
आणि भिंतीवर असायचा एक लोखंडी दांडा,
चाक हातानं फिरवायचा.
दर सोमवारी ती त्याला तेल द्यायची.
"किती वेळा लागला?"
"चारदा," म्हणाली.
"तेल दीड हजार वेळा."

मग बसलो. बाजारातून चार कोऱ्या डीव्हीडी,
वर एक जास्तीची, कारण मी बाजाराला ओळखतो.
हे यंत्र स्वतःची नक्कल एकदाच काढू देतं,
दुसऱ्यांदा विचारलं की हात वर करतं.
उलटं करून पोटावरची चिठ्ठी वाचली,
पंचवीस अक्षरं, मांडीच्या उबेनं पुसट झालेली.
तिसऱ्या गटात बी की आठ?
भिंगातून तिनं पाहिलं, मी पाहिलं,
समोरच्या पाववाल्या जुम्बेरला हाक मारली.
आठ, तो म्हणाला,
आणि पिठाच्या बोटानं काचेवर काढून दाखवला.
वहीत आम्ही दोन्ही लिहून ठेवले.

पहिली डिस्क. दुसरी.
तिसरी अर्ध्यावर असताना दिवे गेले.
समोरचा डोंगर एकदम नाहीसा,
फक्त पडद्याचा उजेड आमच्या हनुवट्यांवर.
बॅटरी एकोणीस टक्के.
ती आकडे मोजायला लागली, मोठ्यानं, संथ,
बहुधा पाळण्यातल्या माणसांसाठी मोजायची तसे.
दोनशे सहाला ट्रे बाहेर आला.

वीज आल्यावर चौथी झाली.
मार्करनं क्रमांक घातले.
तेव्हा तिनं सहज विचारलं,
"यातून वह्या परत येतील ना?"

कुठल्या वह्या?
रोपवेच्या. रोजच्या नोंदी. ती टाइप करत होती,
एक वही पुरी झाली की ती शेगडीत.
हिवाळा लांबला होता.

नाही, मी म्हणालो. यातून फक्त पहिला दिवस येतो.
घेतलं त्या दिवसाचं यंत्र, कोरं करकरीत.

"त्या दिवशी," ती म्हणाली,
"सगळ्या वह्या घरात होत्या."

यावर माझ्याकडे बटण नव्हतं.
खणातून पेनड्राइव्ह काढला, नोंदी त्यावर उतरवल्या,
मग दुसऱ्यावरही.
एक फाइल चुकून उघडली:
फेब्रुवारी त्र्याऐंशी, बर्फ.
वर चाललेल्या दोन बायका, एक शेळी.
शेळीचं तिकीट फाडलेलं नाही.

पैसे तिनं मोजून दिले.
डिस्क बिस्किटांच्या डब्यात, डबा शालीत.
दारात थांबली.
"अकरा वह्या उरल्यात अजून.
लाकूड बघते कुठे मिळतं का."

जास्तीची डिस्क टेबलावर तशीच आहे.
माझ्या स्वतःच्या लॅपटॉपची नक्कल
मी कधी काढलेली नाही.
सोमवारी काढीन म्हणतो.